दोन पट्ट्यांमधला सूर

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मी पियानो शिकायला बसलो. खरा पियानो नव्हे. नंदुरबारच्या आमच्या गल्लीत तो कुठून येणार? मुलीने पगारातून एक जुना कॅसिओ कीबोर्ड आणून दिला. पाच सप्तकांचा, त्यातली एक पट्टी दाबली की दाबलेलीच राहणारी. आणि शिकायचे ठरवले तेही गझल नाही, सिनेमाचे गाणे नाही, तर अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे ब्लूज आणि त्यांच्या चर्चमधले गॉस्पेल. घरात सगळ्यांना हसू आले. गल्लीतले एक बुजुर्ग म्हणाले, "शायरसाहब, या उमरीत हातात तसबीह हवी की बाजा?" मी म्हणालो, "चाचा, दोन्हीला बोटंच लागतात." ते हसले, पण मान हलवत गेले.

हे वेड का लागले, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमचे अब्बा मिरचीच्या पथारीवर हिशेबनीस होते. नंदुरबारच्या पथाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. हिवाळ्यात गावाबाहेर जमीन लाल होते आणि वारा सुटला की सारे गाव शिंकते. दिवसभर मिरचीत बसून अब्बांचा घसा गेलेला. गाता येत नसे, म्हणून ते पेटी वाजवीत. उरसाला कव्वालीची पार्टी आली की साथीला बसत. अम्मी मात्र गायची. ती शहाद्याकडची. लग्नाआधी, आणि अडचणीच्या वर्षांत लग्नानंतरही, ती कापूस वेचायला जाई. कमरेला बांधलेल्या ओटीत कापूस भरत बायका ओळीने पुढे सरकत, तेव्हा एक बाई ओळ टाकी आणि बाकीच्या ती उचलत. ते गाणे अहिराणीत सुरू होई, मध्येच आमच्या घरच्या उर्दूत शिरे आणि परत अहिराणीत येई. अम्मी घरात भाकरी थापतानाही ते गुणगुणायची.

अब्बांनी ते गाणे पेटीवर काढायचा पुष्कळदा प्रयत्न केला. सगळे जुळे, पण एका जागी अडे. अम्मी गंधार लावी तो कोमलही नसे आणि शुद्धही नसे. तो मधूनच कुठून तरी येई आणि खाली उतरे. अब्बा काळी दोन दाबून पाहत, पांढरी तीन दाबून पाहत, मग भाता सोडून म्हणत, "तेरा सूर मेरी पेटी में नहीं है." अम्मी म्हणे, "तो पेटी बदलो." दोघेही आता नाहीत. पेटी आहे, तिचा भाता उंदरांनी खाल्ला.

पेटीविरुद्धची अब्बांची ही तक्रार नवी नव्हती. ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिने याच कारणासाठी पेटीला घराबाहेर काढले होते. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें याने १८४० च्या सुमारास बनवलेले हे वाद्य, पाद्र्यांबरोबर आणि साहेबांबरोबर इकडे आले. कलकत्त्यात त्याची हाताच्या भात्याची बैठी पेटी झाली, आणि पन्नास वर्षांत ते भजनी मंडळापासून संगीत नाटकापर्यंत सगळीकडे पोचले. महाराष्ट्रात तर गोविंदराव टेंब्यांनी पेटीला गायला लावले. पण आक्षेप खोटा नव्हता. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यांच्यात मींड नाही. एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाणे हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पेटी पायऱ्या चढते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनी पेटीविरुद्ध लिहिले, रवींद्रनाथांनी बंदीला पाठिंबा दिला. तीस वर्षे पेटी रेडिओच्या दाराबाहेर बसून होती. १९७१ मध्ये दार किलकिले झाले, तेही आधी फक्त साथीपुरते.

मला हा आक्षेप कायम पटत आला होता. तो ढिला झाला एका नाताळात.

आमच्या जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन मिशनची माणसे आली. काही थेट स्वीडनमधून, काही अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या त्यांच्याच भाऊबंदांतली. नंदुरबार, नवापूर भागात त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, प्रार्थनामंदिरे बांधली. नवापूरकडच्या एका लहानशा चर्चमध्ये नाताळच्या कार्यक्रमात मला कविता वाचायला बोलावले होते. कोपऱ्यात पायाने भाता हलवायचा जुना ऑर्गन कापडाखाली झाकून ठेवला होता. बोलत नव्हता, पण टाकवतही नव्हता. त्याच्या शेजारी एक मावची तरुण कीबोर्डवर बसला होता. दिवसा तो शाळेत शिकवतो. गाणे मराठी होते, चाल आपल्या भजनासारखी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून मराठी ख्रिस्ती मंडळींनी अभंग आणि कीर्तन आपलेसे केले, त्या वाटेवरची. पण त्या पोराने ओळ संपताना असे काही केले की मी खुर्चीत सरळ झालो. गंधारावर त्याचे बोट काळी दोनवरून पांढरी तीनवर घसरले. दोन्ही पट्ट्या क्षणभर एकात एक मिसळल्या आणि मधला सूर वाजल्याचा भास झाला. अम्मीचा सूर.

कार्यक्रम संपल्यावर त्याला गाठले. "हे कुठे शिकलास?" तो लाजला. "मोबाईलवर पाहून, सर. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये असं वाजवतात. ब्लूजमधून आलंय म्हणे." त्या दिवसापासून तो माझा मास्तर. तो मला आता चाचा म्हणतो, मी त्याला मास्तर म्हणतो, आणि वयाचा हिशेब दोघेही करत नाही.

ब्लूज आले कुठून? कापसातून. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातल्या कापसाच्या मळ्यांवर गुलामांनी आणि नंतर गुलामांच्या नातवंडांनी काम केले. शेतात काम करताना मारलेली हाळी, एकाने टाकलेली आणि दहांनी उचललेली ओळ, यांतून हे गाणे विणले गेले. त्या कापसाची आणि आमच्या खानदेशच्या कापसाची गाठ इतिहासाने १८६१ मध्येच मारून ठेवली होती. त्या वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्या बहुतांश अमेरिकन कापसावर चालत. तो बंद झाला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर मुंबई इलाख्याकडे वळली. कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश, वऱ्हाडात जिकडेतिकडे कापूस झाला. मुंबईत शेअरचा बाजार पेटला. १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपले, गुलामगिरी कायद्याने गेली, आणि इकडे भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या. तिकडे माणसे सुटली ती पुन्हा वाट्याच्या शेतीच्या कर्जात अडकली. इकडचा शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. दोन्हीकडे कापूस पांढराच होता.

हे नाते आपल्याकडे ज्याने आधी ओळखले तो माणूस गाणारा नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. पुढे सहाच वर्षांनी, १८७९ मध्ये, गुलामीत जन्मलेली एक बाई मुंबईच्या बंदरात उतरली. अमांडा स्मिथ तिचे नाव. ती उपदेशक होती, आणि तिच्या उपदेशात बोलण्याइतकेच गाणे असे. दोनेक वर्षे ती हिंदुस्थानात फिरली. तिने इथे काय काय गायले, कोणी ऐकले, याचा विचार करताना मला नेहमी वाटते की सभेच्या मागच्या बाजूला कुणी मराठी बाई उभी असेल तर तिला शब्द कळले नसतील, पण आवाज कुठे वळतो ते कळले असेल.

आता एक गोष्ट मी जरा संकोचाने सांगतो, कारण माझ्या नावामुळे ती पक्षपाताची वाटेल. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पकडून नेलेल्यांत मुसलमानही होते. उमर इब्न सईद नावाच्या गुलामाने १८३१ मध्ये अमेरिकेत बसून अरबीत आपले आत्मचरित्र लिहिले. सिल्व्हियान दियूफ या अभ्यासक बाईंचे म्हणणे असे, की शेतातल्या त्या हाळीत अजान आणि कुराणपठणाच्या लांब, लहरत जाणाऱ्या सुरांचा अंश राहिला असावा. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. मी मास्तरने दिलेली अशी एक जुनी हाळी रात्री ऐकत होतो, आणि खिडकीबाहेर फजरची अजान सुरू झाली. मी मोबाईल बंद केला. दोन्हीत सूर जिथे वाकतो ती जागा मला सारखी वाटली. पण कवीच्या कानाला पुरावा म्हणत नाहीत, हेही मला ठाऊक आहे.

कागदावर ब्लूज उतरवणारा डब्ल्यू. सी. हँडी हा पाद्र्याचा मुलगा, नोटेशन शिकलेला वादक. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या स्टेशनवर गाडीची वाट पाहत असताना त्याला एक फाटका माणूस दिसला. तो गिटारच्या तारांवर सुरीचे पाते घसरवीत एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने ते विसरायचे नाकारले. १९१४ मध्ये त्याचे 'सेंट लुईस ब्लूज' छापले गेले. सुरीने तारेवर मींड काढता येते. हँडीपुढचा आणि त्याच्यानंतरच्या प्रत्येक पियानोवाल्यापुढचा प्रश्न अब्बांचाच होता. पट्टीवर सुरी चालत नाही.

मग त्यांनी काय केले? मास्तरने मला समजावले ते माझ्या भाषेत सांगतो. पांढरी एक हा षड्ज धरा. डाव्या हाताने सा, शुद्ध ग, प आणि कोमल नी एकदम दाबा. उजव्या हाताने त्याच वेळी कोमल ग वाजवा. आपल्याकडे शिकवताना गुरुजी हात धरतील, कारण दोन गंधार एकमेकांच्या अंगावर जातात. ब्लूजमध्ये ते तसे जावेच लागतात. त्यांच्या घर्षणातून कान मधला सूर स्वतःच बनवून घेतो. ज्यांनी जोग राग ऐकला आहे त्यांना हे लवकर उमगेल. तिथेही चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल गंधार येतो. फक्त जोगमध्ये ते शेजारी राहतात, ब्लूजमध्ये एकाच खोलीत.

सगळा डाव बारा आवर्तनांचा. प्रत्येकी चार मात्रा. पहिली चार आवर्तने षड्जावर, दोन मध्यमावर, दोन पुन्हा षड्जावर, मग एक पंचम, एक मध्यम, आणि शेवटची दोन घरी. शब्दांचा घाटही तसाच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर द्यायचे. मुशायऱ्यात बसलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. शायर पहिला मिसरा वाचतो, थांबतो, तोच पुन्हा वाचतो. दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तो मिसरा तोच राहत नाही. लोकांच्या मनात दुसरा मिसरा तयार होऊ लागलेला असतो. मी तीस वर्षे हे करत आलो आणि मला वाटे ही आमचीच करामत.

गॉस्पेलची कथा याहून दुःखाची. टॉमस डॉर्सी, जन्म १८९९, जॉर्जियातला. बाप उपदेशक, आई चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. पोरगा ब्लूजकडे गेला, 'जॉर्जिया टॉम' या नावाने मा रेनी या मोठ्या गायिकेच्या साथीला बसला, चावट गाण्यांच्या तबकड्या काढल्या. मग त्याला वाटले, याच सुरांत देवाचे गाणे का नको? पुष्कळ प्रतिष्ठित चर्चनी त्याला दारातूनच परत पाठवले. दारूच्या गुत्त्यातला सूर वेदीपाशी चालणार नाही म्हणाले. १९३२ च्या ऑगस्टमध्ये तो कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेला असताना तार आली. बायको बाळंतपणात गेली होती. तो घरी पोचला, मूलही गेले. त्या शोकात त्याने पियानोवर बसून एका जुन्या स्तोत्राच्या चालीचा धागा धरून 'प्रेशस लॉर्ड' बांधले. पुढे १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सनने तेच गायले. शिकताना मला जाणवले ते असे, की गॉस्पेलमध्ये स्वर ब्लूजचेच, पण शेवटी मध्यमावरून षड्जावर येऊन विसावायची रीत चर्चची, 'आमेन' म्हणावे तशी. ब्लूज प्रश्न विचारून पंचमावर उभे राहते. गॉस्पेलला बसायला जागा असते.

तुम्ही म्हणाल, हे सगळे सातासमुद्रापलीकडचे. नाही. हा सूर वाजवणारी बोटे खुद्द मुंबईत होती. १९३५ मध्ये व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला काळ्या वादकांचा बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. वेदरफर्ड व्हर्जिनियाच्या कोळसा-खाणीच्या मुलुखातला, न्यू ऑर्लिन्सला पियानो शिकलेला. १९२६ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर तबकडीवर वाजवून तो आशियाकडे निघाला आणि परत तिकडे स्थायिक झालाच नाही. ताजच्या बॉलरूममध्ये संस्थानिक आणि साहेब नाचत. पण शिकत होते ते मंचावर शेजारी बसलेले गोव्याचे पोरगे. गावच्या चर्चच्या शाळेत त्यांना नोटेशन असे घोटून शिकवलेले असे की कागद पुढे ठेवला की वाजवतील. अडचण हीच की हा सूर कागदावर नव्हता. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांनी तो शेजारी बसून कानाने उचलला. मुंबईच्या एका पारशी सॅक्सोफोनवाल्याने, कावसजी खटाव यांनी, तर नावच बदलून रुडी कॉटन केले. कापूस काही पाठ सोडत नाही.

वेदरफर्ड पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि २५ एप्रिल १९४५ रोजी पटकीने वारला. चाळीस-बेचाळीस वर्षांचे वय. त्याच्याबरोबर वाजवलेली आणि त्याला ऐकलेली मंडळी सिनेमाकडे वळली, कारण पोट तिथे होते. आणि तिथे त्यांची गाठ पडली आमच्या पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी. सी. रामचंद्रांनी सिनेमात सुरुवातीच्या दिवसांत पेटीची साथही केली, हे पुष्कळांना माहीत नसते. गोव्याचे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांचे सहायक होते. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आमच्या आईबापांनी ती गाणी नंदुरबारच्या टॉकीजमध्ये शिट्ट्या मारत ऐकली. त्यातला एखादा सूर मिसिसिपीच्या शेतातून निघून इथवर आला, हे कोणी कोणाला सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती, पाय हलत होते.

असो. माझे शिक्षण सांगायचे राहिले. पहिले दोन महिने डावा हात उजव्याचे ऐकेना. मास्तर रविवारी दुपारी, चर्च आटोपून, मोटारसायकलवर येतो. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यायची; आमच्या अंगात कव्वालीची टाळी, ती समेवर पडते. मी दहा वेळा चुकलो तरी तो रागावत नाही. फक्त म्हणतो, "चाचा, बोट उचलू नका, घसरू द्या." ही जागा माझ्या हाताला फार उशिरा आली. लिहिणाऱ्याच्या बोटाला उचलायची सवय असते; प्रत्येक शब्द वेगळा, शब्दांत अंतर. इथे एकाच बोटाने काळीवरून पांढरीवर ओघळायचे आणि मध्ये कुठे थांबलो हे कळूही द्यायचे नाही. काळीवरून खाली पांढरीवर घसरता येते, पांढरीवरून काळीवर चढताना बोट अडखळते. म्हणजे अम्मीचा खाली उतरणारा गंधार या वाटेने सरळ येत नाही. त्यासाठी दोन बोटे एकदम टेकवून वरचे आधी सोडावे लागते. हे मास्तरने नाही, मी स्वतः शोधले. त्याचा मला एका नव्या गझलेइतका आनंद झाला.

आकाशवाणीच्या त्या बंदीबद्दल आता मला काय वाटते? आक्षेप अजूनही खरा वाटतो. पेटीत आणि पियानोत तो सूर नाही, कधीच नव्हता. पण डॉर्सीच्या पियानोतही नव्हता. बंदी घालणाऱ्यांनी वाद्य तपासले. वाजवणाऱ्याचे बोट तपासायचे राहून गेले.

गेल्या महिन्यात मी अम्मीचे ते कापूस वेचणीचे गाणे बारा आवर्तनांत बसवायला घेतले. ओळ, तीच ओळ, मग उत्तर. शब्द सगळे आठवत नव्हते, म्हणून मालेगावला आपाला फोन लावला. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अम्मीबरोबर शेतात गेलेली. मोबाईल कीबोर्डवर टेकवून वाजवून दाखवले. वीज गेलेली, बॅटरी कमी, आवाज चिरका. पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटले फोन कटला.

"अम्मी इतकी घाई नव्हती करत," आपा म्हणाली. "तिला वाकून वेचायचं असायचं ना. बोंड हातात येईपर्यंत ओळ थांबायची. परत वाजव."

मी परत वाजवले. ती पलीकडून हळू गायला लागली, आणि अडकणारी पट्टी नेमकी तेव्हाच अडकली.